‘मी काहीच केलं नाही’ : फोनवरून कॉम्प्युटर दुरुस्त करण्याची आणि करवून घेण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका दोन प्रकारच्या नवशिक्यांसाठी आहे. पहिला, ज्याचा कॉम्प्युटर बिघडला आहे. दुसरा, ज्याला पहिल्याचा फोन येणार आहे. दोघांनीही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. आपापलाच भाग वाचला की समोरच्याला अक्कल नाही असा ग्रह होतो, आणि तो निम्माच खरा असतो.

सोयीसाठी पहिल्याला आपण ‘मामा’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘भाचा’. मामा कऱ्हाडला राहतात. ते सेवानिवृत्त आहेत आणि गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव आहेत, म्हणजे कामं त्यांच्याकडे आणि मान अध्यक्षांकडे. भाचा हिंजवडीत ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे. तो तिथे नेमकं काय करतो हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पण कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर त्याला प्रिंटर दुरुस्त करता आलाच पाहिजे, याबद्दल सगळ्या नातेवाइकांचं एकमत आहे.

धडा १ : साहित्य

एक कॉम्प्युटर, चालू किंवा बंद. एक मोबाइल, पूर्ण चार्ज केलेला आणि स्पीकरवर टाकलेला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबता येत नाहीत. चष्मा, जवळचा. लांबचा चष्मा लावून मॉनिटर वाचायला बसलं की भाच्याला पलीकडे फक्त ‘थांब थांब’ एवढंच ऐकू येतं.

एक वही आणि चालणारं पेन. वहीच्या पहिल्या पानावर कॉम्प्युटरची माहिती लिहावी आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीची तारीख, दुखणं आणि उपाय. पासवर्ड कुठेही लिहू नयेत असं जाणकार सांगतात. मामांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलाच असतो, त्यामुळे तो वहीत गेला तर प्रगती समजावी. बँकेचा मात्र वहीतही नको.

एक साक्षीदार. घरोघरी ही भूमिका मामी करतात. त्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण खोलीत काय काय घडलं ते त्यांना ठाऊक असतं. ‘परवा लाइट गेली तेव्हापासून तो डबा गुरगुरतोय’ हे वाक्य मामांकडून कधीच येत नाही, ते स्वयंपाकघरातून येतं. भाच्यानं ते ऐकू येईल एवढी जागा बोलण्यात ठेवावी.

धडा २ : रुग्णाचं वय

भाच्यानं पहिला प्रश्न वयाचा विचारावा. उत्तर ‘नवीनच आहे रे’ असं येतं. मामांचा नवीन कॉम्प्युटर २०१० सालचा आहे.

खरं वय काढायची रीत सोपी आहे. कीबोर्डवर खालच्या ओळीत, डावीकडे, खिडकीचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबून ठेवायचं आणि वर उजव्या कोपऱ्यातलं ‘पॉज ब्रेक’ लिहिलेलं बटण दाबायचं. एक चौकट उघडते. तीत विंडोज कुठली, मेमरी किती आणि यंत्रणा ३२ बिट की ६४ बिट, हे सगळं लिहिलेलं असतं. ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यावं.

आता कोष्टक. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं तिची जबाबदारी सोडली. विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी आणि तिचं पाठबळ संपलं १४ जानेवारी २०२० रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास. विंडोज १० चं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आटोपलं. पाठबळ संपलं म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही. नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येत नाही, इतकंच. ब्राउझरवालेही हळूहळू पाय काढता घेतात. गूगल क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. मामांचं क्रोम तिथेच थांबलं आहे आणि अमुक एक सरकारी संकेतस्थळ उघडत का नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथेच सापडतं.

इथे भाच्याच्या तोंडी एक वाक्य येतं : ‘मामा, फेकून द्या ना आता तो.’ हे वाक्य गिळावं. जुना कॉम्प्युटर टिकून असतो तो मामांच्या हट्टापायी कमी आणि त्याला पाठीमागून जोडलेल्या वस्तूंमुळे जास्त. संस्थेचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिथे पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टला जोडलेला आहे. तो कागदावर पिना आपटून छापतो, म्हणून कार्बन घातलेल्या तीन प्रतींची पावती एका फटक्यात निघते. लेझर प्रिंटरला ते जमत नाही. हिशोबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातल्या फॉक्सप्रोत लिहिलेला आहे आणि तो ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाही. लिहिणारा मुलगा नोकरी लागून कधीच परगावी गेला. आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं श्रीलिपी या मराठी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. त्याचं लॉक, म्हणजे परवान्याची छोटी डबी, पाठीमागे लावलेलं असल्याशिवाय तो उघडत नाही. एवढा सगळा संसार नव्या लॅपटॉपवर हलवायचा तर त्याला फोन पुरत नाही, सुट्टी टाकून कऱ्हाडला यावं लागतं. भाच्यानं ती तयारी असेल तरच फेकायची भाषा करावी.

धडा ३ : तक्रार कशी मांडावी (मामांसाठी)

‘चालत नाहीये’ ही तक्रार नव्हे. काय चालत नाहीये, हे सांगितलं की तक्रार सुरू होते. पंख्याचा आवाज येतोय का, पुढचा दिवा लागलाय का, पडद्यावर काही दिसतंय का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं फोन लावायच्या आधीच तयार ठेवावीत. पंखा फिरतोय पण पडदा काळा आहे, ही एक गोष्ट. पंखाच फिरत नाही, ही वेगळी. आणि पंखा, दिवा, पडदा यांपैकी काहीच नाही, तेव्हा टेबलामागचं भिंतीवरचं बटण आधी बघावं. झाडताना ते बंद झालेलं असू शकतं.

पडद्यावर इंग्रजी चौकट आली तर घाबरू नये आणि तिला घालवूही नये. पुढील संवाद नमुन्यादाखल अभ्यासावा :

‘मामा, काय लिहिलंय त्यात?’

‘काहीतरी एरर आहे.’

‘कुठली एरर?’

‘इंग्रजीत आहे बघ.’

‘वाचून दाखवा ना.’

‘अरे, मी ओके केलं. गेली आता.’

ओके दाबायची घाई करू नका. ती चौकट म्हणजे कॉम्प्युटरचा स्वतःचा जबाब आहे, तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचावा. अर्थ कळला नाही तरी वाचावा. शून्य, एक्स आणि आठ आकडे असलं काहीतरी असेल तर ते आधी वाचावं. भाच्याला त्याचाच उपयोग असतो. वाचायचा कंटाळा असेल तर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. फ्लॅश बंद ठेवावा, मागची ट्यूब मालवावी, आणि चौकटीच्या एका कोपऱ्याचा नव्हे, अख्ख्या पडद्याचा फोटो काढावा. खाली घड्याळाशेजारी काय काय चिन्हं आहेत तेही दिसलं पाहिजे. ती का, ते धडा ६ मध्ये कळेल.

आता सगळ्यात अवघड भाग. ‘मी काहीच केलं नाही’ हे वाक्य मामांनी उच्चारू नये. ते खोटं असतं असं नाही. पेन ड्राइव्ह शेजारच्या जोशांनी लावला होता, गेम नातवानं टाकला होता आणि ‘फुकट क्लीनर’ची जाहिरात आपोआप आली होती, मामांनी फक्त ‘येस’ म्हटलं. पण भाच्याला दोषी शोधायचा नाहीये, त्याला घटनाक्रम हवा आहे. पेन ड्राइव्हचं आधी कळलं तर त्याचं निम्मं काम होतं. लपवलं तर एक तासानंतर त्याला ते कळतंच, आणि मग तो ‘हं’ म्हणतो. ते ‘हं’ ऐकून घ्यायचं नसेल तर आधीच सांगावं.

धडा ४ : प्रश्न कसे विचारावेत (भाच्यासाठी)

‘तुम्ही काय केलंत?’ असं विचारू नये. त्यावर एकच उत्तर येतं, ते शीर्षकात दिलेलं आहे. त्याऐवजी ‘शेवटचं नीट कधी चाललं होतं?’ असं विचारावं. ‘परवा संध्याकाळी पाटलांची पावती छापली होती.’ म्हणजे परवा संध्याकाळपर्यंत प्रिंटर ठीक होता. ‘त्यानंतर घरी कोण आलं होतं?’ हा प्रश्न मामांना नव्हे, मामींना विचारावा.

मामांची भाषा शिकून घ्यावी, सुधारू नये. ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालचा डबा. ‘कॉम्प्युटर’ म्हणजे मॉनिटर. ‘गूगल उडालं’ म्हणजे डेस्कटॉपवरचं चिन्ह कुठेतरी गेलं. ‘बंद करून चालू केलं’ म्हणजे मॉनिटरचं बटण दोनदा दाबलं. डबा तसाच चालू आहे. म्हणून ‘पंख्याचा आवाज थांबला का?’ हे विचारल्याशिवाय रीस्टार्ट झालं असं धरून चालू नये.

माऊसपेक्षा कीबोर्ड बरा. ‘डावीकडे खाली जा, तिथे क्लिक करा, मग वर उजवीकडे’ यात मामा हरवतात. ‘खिडकीचं बटण आणि आर एकदम दाबा’ म्हटलं की दोन्ही टोकांना एकच चौकट उघडते. त्यात काय टाइप करायचं ते अक्षर अक्षर सांगावं आणि गावांची नावं लावावीत : एम मुंबईचा, एस साताऱ्याचा, सी चिपळूणचा. ‘बी’ आणि ‘डी’, ‘एम’ आणि ‘एन’ फोनवर सारखेच ऐकू येतात. ‘बॅकस्लॅश’ म्हणू नये. ‘एंटरच्या वर किंवा शेजारी, डावीकडे झुकलेली तिरकी रेघ’ म्हणावं. मामांकडे टीव्हीएस गोल्डचा जुना कीबोर्ड असेल तर भाचा भाग्यवान. त्याची प्रत्येक बटणाची टकटक पुण्यापर्यंत ऐकू येते. ‘एकदाच एंटर दाबा’ म्हटल्यावर चार टकटक आल्या तर चार खिडक्या उघडल्या असं समजावं.

डबल क्लिकच्या बाबतीत सावध राहावं. मामा दोन क्लिकांच्या मध्ये श्वास घेतात. फाइल आधी एका क्लिकनं निवडली जाते आणि मग तिच्या नावावर सावकाश दुसरी क्लिक पडली की विंडोज ती उघडत नाही, तिचं नाव बदलायची तयारी करते. नाव निळं होतं. मग मामा गोंधळून कुठलं तरी बटण दाबतात आणि ‘वार्षिक हिशोब’ या फाइलचं नाव ‘क’ होतं. म्हणून त्यांना सांगावं : एक क्लिक, मग एंटर. आयुष्यभर पुरतं.

आणि ‘सोपं आहे हो’ हे शब्द भाच्यानं कायमचे सोडावेत. सोपं असतं तर मामांनी फोन कशाला केला असता?

धडा ५ : पडदा हाती घेणं

फोनवर जमत नाही तेव्हा पडदाच ताब्यात घ्यावा. ही कल्पना जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवलं. माऊस लोकांसमोर आला तोही त्याच कार्यक्रमात. तो प्रयोग यशस्वी झाला, कारण दोन्ही टोकांना जाणकार बसले होते.

आपल्याकडे त्यासाठी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असे प्रोग्रॅम वापरतात. विंडोज १० मध्ये क्विक असिस्ट आहे; विंडोज ७ मध्ये ते नाही, तिथे जुनं रिमोट असिस्टन्स आहे. जुन्या यंत्रावर प्रोग्रॅमची सगळ्यात नवी आवृत्ती चालेलच असं नाही आणि दोन टोकांच्या आवृत्त्यांचं एकमेकांशी पटेलच असंही नाही. तेव्हा कुठली चालते ते एकदा शोधून वहीत लिहून ठेवावं. आयत्या वेळी नव्या जाहिरातींनी भरलेल्या भलत्याच पानावरून उतरवून घेऊ नये.

प्रोग्रॅम उघडला की एक क्रमांक दिसतो. तो मामांनी सुटा सुटा वाचावा. ‘एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी’ असं वाचलं की भाचा, जो इंग्रजी माध्यमातला आहे, तो गप्प होतो आणि बोटांवर काहीतरी मोजू लागतो. पाच, नऊ, सहा, नऊ असंच सांगावं.

जोडणी झाली की पडद्यावर बाण आपोआप हलू लागतो. मामांनी आता माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवावा. दोन माणसांनी एक बाण ओढला की तो मध्येच थरथरतो आणि दोघांनाही वाटतं, कॉम्प्युटर हँग झाला. भाच्यानंही तोंडानं सांगत राहावं : ‘मी आता प्रिंटरच्या फोल्डरमध्ये जातोय. हा बघा.’ गप्प राहून भराभर खिडक्या उघडल्या की मामा बघत बसतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच कामासाठी पुन्हा फोन करतात.

मध्येच भाच्याचा पडदा काळा पडेल किंवा गोठेल. नेट गेलं असं समजून तो फोन करील. मामा सांगतील, ‘इथं तर सगळं ठीक आहे, मधोमध काहीतरी विचारतोय.’ दोघंही खरं बोलत असतात. एखादा बदल करायला परवानगी हवी असेल तर विंडोज एक स्वतंत्र, सुरक्षित पडदा उघडून त्यावर विचारते. रिमोटचा प्रोग्रॅम नुसताच उघडलेला असेल, प्रशासकाच्या अधिकारानं चालवलेला नसेल, तर तो पडदा पलीकडे पोचतच नाही. अशा वेळी कऱ्हाडला जे दिसतंय तेच खरं. मामांनी ते वाचून दाखवावं, प्रोग्रॅमचं नाव भाच्यानं अपेक्षिलेलंच आहे ना याची खात्री करावी आणि मगच ‘येस’ म्हणावं. हा प्रसंग नीट समजून घ्यावा. भाच्याच्या हाती सगळा कॉम्प्युटर असतो, त्या एका चौकटीपुरता मात्र मामांचाच अंमल असतो.

रीस्टार्ट करायच्या आधी भाच्यानं सांगावं, कारण त्यानंतर जोडणी तुटते आणि सगळं पहिल्यापासून. फाइली हलवायच्या आधी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल जात नाही, हे आधीच लक्षात असू द्यावं. आणि रिसायकल बिन न विचारता रिकामा करू नये. काही मामा महत्त्वाच्या फाइली तिथेच ठेवतात, ‘तिथं कुणी हात लावत नाही’ म्हणून.

धडा ६ : चार हमखास दुखणी

पहिलं, घड्याळ. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा असं येतं. मामा रोज ते दाबतात. त्यांना वाटतं ती कॉम्प्युटरची सवय आहे. मग एके दिवशी कुठलंच संकेतस्थळ उघडत नाही आणि क्रोम तक्रार करतं की जोडणी सुरक्षित नाही. कारण मदरबोर्डवर चपटा, गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो संपला की भिंतीवरचं बटण बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि सकाळी कारखान्यानं दिलेल्या जुन्या तारखेला जागा होतो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मामांच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती प्रमाणपत्रं अजून निघायचीच आहेत, म्हणून तो ती नाकारतो. धडा ३ मध्ये घड्याळाचा कोपरा फोटोत मागितला तो ह्यासाठी. तारीख बरोबर केली की सगळं उघडतं. कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बसवताना वायर काढून ठेवावी.

तारीख बरोबर असूनही काही पानं उघडत नसतील तर ते वयाचं दुखणं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी बऱ्याच संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, आणि अद्ययावत न केलेल्या कितीतरी जुन्या यंत्रांनी त्या दिवसापासून चांगल्या संकेतस्थळांवर अविश्वास दाखवायला सुरुवात केली. तिथे मामांचं काही चुकलेलं नसतं.

दुसरं, प्रिंटर. मामांनी छापायची आज्ञा दिली, कागद संपला होता. पुन्हा दिली. पुन्हा दिली. कागद घातला, तरी काही निघेना, कारण रांगेतली पहिली पावतीच अडकली आहे आणि तिच्यामागे अकरा उभ्या आहेत. प्रशासकाच्या अधिकारानं कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट स्टॉप स्पूलर’ म्हणावं, स्पूल फोल्डरमधल्या प्रिंटर्स या पोटफोल्डरमधलं सगळं पुसावं आणि ‘नेट स्टार्ट स्पूलर’ म्हणावं. रांग साफ. त्यानंतर मामांनी पावती पुन्हा एकदा छापावी. एकदाच.

तिसरं, मराठी. मामा इतिवृत्ताची फाइल भाच्याला मेल करतात. भाच्याला टोप्या घातलेली रोमन अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसतात. तो म्हणतो, फाइल खराब झाली. खराब झालेली नसते. जुने मराठी फाँट देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवत. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला खालची रोमन अक्षरंच दिसतात. युनिकोडनं १९९१ सालीच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिला, पण गृहनिर्माण संस्थांपर्यंत ती बातमी सावकाश पोचली. उपाय : मामांनी पीडीएफ पाठवावी, आणि निवांत वेळी भाच्यानं कन्व्हर्टर लावून जुनी इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणावीत. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासावीत. ‘अध्यक्षांनी आक्षेप घेतला’ याचं कन्व्हर्टरनं काय केलंय ते न बघता छापलं तर पुढची सभा लांबते. आणि यंत्र एक्सपीचं असेल तर आधी कंट्रोल पॅनेलमधल्या भाषेच्या चौकटीत गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरची खूण करावी लागते. ती केल्याशिवाय वेलांट्या आपल्या जागी बसत नाहीत.

चौथं, मंदपणा. डबा सुरू केला की मामा चहा ठेवायला जातात आणि चहा पिऊन येतात. खिडकीचं बटण आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ लिहावं आणि सुरुवातीलाच उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी अनावश्यक ते बंद करावेत. तरीही फरक पडला नाही आणि डब्यातून टक टक येत असेल तर तो हार्डडिस्कचा आवाज आहे. त्या क्षणी दुरुस्ती थांबवावी, फाइलींच्या प्रती घ्याव्यात आणि मगच पुढचं बोलावं. टक टक नसेल तर जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी घातल्यावर तो डबा ओळखू येत नाही, इतका पळतो. हे काम फोनवर होत नाही; कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलवावं. आणि सुरू करताना पडदा काळा ठेवून डबा सलग पीं पीं करत असेल तर त्यालाच सांगावं. तो रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासेल आणि ती परत बसवेल. हा उपाय कुठल्याच पुस्तकात पहिल्या पानावर नसतो, पण पुष्कळदा लागू पडतो.

धडा ७ : न बोलावलेला भाचा

एक दिवस मामांना फोन येईल : ‘सर, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय.’ किंवा केवायसी संपलंय, किंवा वीजबिल थकलंय. माणूस गोड बोलेल, न चिडता एकेक बटण सांगेल, ‘सर’ म्हणेल. भाच्यापेक्षा चांगला शिकवेल. आणि शेवटी तेच सांगेल जे भाचा सांगतो : हा प्रोग्रॅम उघडा, तो क्रमांक वाचा. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा रिमोट अ‍ॅपच्या वाटेनं होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं.

नियम एकच. मदतीसाठी तुम्ही फोन केलात तर ती मदत. मदत करायला त्यानंच फोन केला तर ती चोरी. त्याला क्रमांक सांगू नये, फोन ठेवावा आणि मामींना सांगावं. खऱ्या भाच्यानंही काम संपल्यावर जोडणी तोडावी, प्रोग्रॅम बंद करावा आणि तो बंद झाला हे मामांकडून वदवून घ्यावं. पैसे गेलेच तर लाज बाळगून बसू नये. तडक १९३० ह्या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा : (अ) ओके दाबण्यापूर्वी काय करावे? (आ) पंखा फिरत नसेल तर आधी काय पाहावे?

२. कोण कोणास म्हणाले? ‘अरे, मी ओके केलं. गेली आता.’

३. संदर्भासह स्पष्टीकरण द्या : ‘परवा लाइट गेली तेव्हापासून तो डबा गुरगुरतोय.’

४. उपक्रम : मामांनी वहीचं पहिलं पान आजच भरावं. भाच्यानं दिवाळीला कऱ्हाडला जाताना एक सीआर २०३२ सेल बरोबर न्यावा.

परीक्षेला नसलेला, पण महत्त्वाचा मुद्दा शेवटी. दुरुस्ती झाली की मामा ‘झालं रे, थँक यू’ म्हणून फोन ठेवतात आणि भाचाही सुटकेचा निःश्वास टाकतो. तसं करू नये. दोघांनी आणखी पाच मिनिटं बसावं आणि काय बिघडलं होतं, कशानं सुधारलं, ते मामांनी आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत वहीत लिहावं. ‘डब्यातला सेल’ लिहिलं तरी चालेल. मदत चांगली झाली की नाही हे त्या पानावरून ठरतं : तेच दुखणं पुन्हा उद्भवलं तेव्हा मामांनी पान उघडून ते स्वतः निस्तरलं, तर झाली. नव्या दुखण्यासाठी मात्र फोन येणारच. भाच्यानं तो घ्यावा, आणि मीटिंगमध्ये असेल तर रात्री आठवणीनं उलट फोन करावा.